स्टेपनी नक्की कुठे लावू? मागचं दार लोंबायला लागलंय

सत्तरीकर | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्या पुढे आमचं कुळागर (सुपारीची बाग) आहे. घरापासून बागेपर्यंत साडेतीन किलोमीटरची वाट, त्यात दोन व्हाळ (ओढे). मधे एक चढ आहे, पहिला पाऊस झाला की तिथल्या चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) शेवाळ धरतं आणि साधी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत राहते. म्हणून दोन वर्षांपूर्वी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) घेतली. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही, मी केलेल्या बदलाचा आहे.

दिवाळीनंतर टायर बदलले. मूळचे २४५/७५ आर १६ मापाचे होते, त्या जागी २८५/७० आर १७ मापाचे चिखलाचे टायर आणि लोखंडी डिस्क (चाकाच्या रिंगा) घातल्या. वाटेवर फरक मोठा पडला. पण पाचवं चाकही तेवढंच मोठं घेतलं आणि मागच्या दारावर मूळच्याच ब्रॅकेटला टांगलं. सुपारी तोलायच्या काट्यावर दोन्ही चाकं ठेवून बघितली. जुनं २८ किलो भरलं, नवं ४१.

मार्चपासून दार उघडलं की बोटभर खाली बसतं. बंद करताना हाताने वर उचलून ढकलावं लागतं. खड्ड्यात गेलं की मागून खडखड. परवा गाडी धुताना वरच्या बिजागरीजवळ पत्र्याला केसाएवढी चीर दिसली आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण याच गाडीतून आई दर पंधरवड्याला म्हापशाला दवाखान्यात जाते.

पाऊस तीन आठवड्यांवर आला. चाक टपावर घ्यावं, की मागे चॅसीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) धरून चाकासाठी दारासारखा फिरणारा वेगळा हात बनवून घ्यावा, की सरळ आत टाकावं? ज्यांनी प्रत्यक्ष करून बघितलंय त्यांनी सांगा.

रानवाट | रविवार, रात्री ९.४५

बाकी चर्चा नंतर. ते चाक उद्या सकाळी दारावरून उतरव. चीर दिसली म्हणजे पत्रा थकलाय, आणि अशी चीर वाढते ती एकदम. तोवर चाक आत मागच्या बाजूला आडवं ठेव आणि जमिनीच्या बोल्टला रॅचेट पट्ट्याने दोन बाजूंनी आवळ. नुसतं ठेवू नकोस. ताशी ५० च्या वेगात गाडी कशावर आदळून अर्ध्या-पाऊण मीटरात थांबली, तर ४१ किलोचं चाक अर्ध्या टनाहून जास्त जोराने पुढे येतं. पुढच्या सीटवर आई असणार आहे.

चिरेच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडून घे, म्हणजे ती तिथेच थांबेल. मग चांगल्या पत्रेवाल्याकडून आतून पट्टी मारून वेल्डिंग. पाणी आत शिरायच्या आधी.

निळा डोंगर | रविवार, रात्री १०.२०

टपावर घ्या, सत्तरीकर. मी चार वर्षं टपावरच वापरतोय. मागचा आरसा मोकळा, दार हलकं, डिक्कीतून सामान काढायला कुठला हात बाजूला करायला नको. कॅरिअर चांगला असला की झालं. मी फोंडा ते बेळगाव चोर्ला घाटातून महिन्यातून दोनदा जातो, वळणावर काही जाणवत नाही.

कुळागरातला | रविवार, रात्री १०.५०

निळा डोंगर, तुमचा घाट डांबरी आहे. आमच्या वाटेवर बांबू आणि फणसाच्या फांद्या गाडीच्या टपाला घासतात. मी एकदा टपावर कॅरिअर लावला होता, दुसऱ्याच पावसात फांदी अडकून पुढचा पाय वाकला. फांदी कापायची तर ती शेजाऱ्याची.

अंत्रुजी | सोमवार, सकाळी ७.३०

मी यंत्रांच्या हिशेबात दिवस घालवतो, तर थोडे आकडे मांडतो. सत्तरीकर यांची गाडी सुमारे १७५० किलो धरली आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर. टपाची उंची १९० सेंटिमीटर. ४१ किलोचं चाक आणि २५ किलोचा कॅरिअर, मिळून ६६ किलो वर चढवले की गुरुत्वमध्य साधारण ४४ मिलिमीटर वर सरकतो. दोन चाकांमधलं अंतर १५२ सेंटिमीटर असेल, तर गाडी आडवी कलंडण्याचा कोन सुमारे ४७ अंशांवरून पावणेदोन अंशांनी खाली येतो.

पावणेदोन अंश म्हणजे फार नाही असं वाटेल. पण हा हिशेब गाडी थांबलेली आणि स्प्रिंगा घट्ट धरून केलेला. खऱ्या वाटेवर खालचं चाक खड्ड्यात जातं, त्या बाजूची स्प्रिंग दबते, वरचं वजन झोका घेतं, आणि घसरत्या चिखलात हे सगळं एकाच क्षणी होतं. तिथे हे दोन अंश वाचवलेले बरे. शिवाय टपावर किती वजन चालतं हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, आणि तो आकडा कॅरिअरचं वजन धरून असतो. लोक कॅरिअर विसरतात.

आता दाराचं. बिजागरीपासून चाकाचा मध्य ६० सेंटिमीटर लांब आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ४० सेंटिमीटर धरा. दार उघडं असताना वरची बिजागरी जुन्या चाकाने ४२ किलोच्या जोराने ओढली जात होती, नव्याने साडेएकसष्ट. यात दाराचं स्वतःचं वजन नाही. दार बंद असताना कडी थोडा भार घेते, पण खड्ड्यात आपटलं की हेच जोर दुप्पट-तिप्पट होतात. गाडी बनवणाऱ्याने बिजागरी त्याच्या चाकासाठी मोजली होती, आपल्या चाकासाठी नाही.

म्हणून माझं मत: हे चाक दारावर नको, टपावरही नको. चॅसीला धरलेला हात.

हळदोणेकर | सोमवार, सकाळी ९.०५

मधेच विचारतो. माझ्या गाडीला कंपनीचेच टायर आहेत, स्टेपनीही कंपनीचीच, मागच्या दारावर. हे वाचून भीती वाटली. मलाही हात बनवावा लागेल का?

रानवाट | सोमवार, सकाळी ९.२०

नाही, अजिबात नाही. थार, जिम्नी, गुरखा, पूर्वीची जिप्सी, सगळ्यांना स्टेपनी मागच्या दारावरच येते आणि मूळच्या मापाला ती जागा उत्तम आहे. जिम्नीचं चाक १९५/८० आर १५, व्यास ६९ सेंटिमीटर. सत्तरीकरांचं नवं ८३ सेंटिमीटर. कुठे ते आणि कुठे हे. तुम्ही फक्त वर्षातून दोनदा स्टेपनीचे नट आणि बिजागरीचे बोल्ट पान्याने तपासा, बिजागरीला ग्रीस द्या, आणि स्टेपनीत हवा भरा. पाचपैकी चार लोकांची स्टेपनी गरज पडते तेव्हा मऊ निघते, मी रस्त्यावर मदतीला थांबतो तेव्हा हेच बघतो.

काजूबोंड | सोमवार, दुपारी १.४०

मी एक वेगळं विचारते. अंत्रुजींचे आकडे बरोबर असतील. पण हे चाक उतरवणार कोण?

मी आरोग्य खात्यात काम करते, सांगे तालुक्यात. नेत्रावळीच्या बाजूला वाड्यांवर एकटी गाडी घेऊन जाते. माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ५२ किलो. गेल्या वर्षी ऑगस्टात संध्याकाळी सहा वाजता जुन्या खाणीच्या रस्त्यावर पंक्चर झालं. लाल चिखल घोट्यापर्यंत, पाऊस चालू, मोबाईलला रेंज नाही. तेव्हा माझ्याकडे आधीच्या मालकाने टपावर स्टेपनी लावलेली जुनी गाडी होती. नट सोडले. पण चाक खाली घ्यायचं कसं? बोनेटवर चढले, तर ओल्या पत्र्यावर पाय घसरला. शेवटी पट्टे सोडून चाक ढकलून दिलं. ते खाली पडून उतारावरून वीस मीटर गडगडत गेलं आणि काजूच्या झाडाला अडकलं. ते चिखलातून परत वर आणायला मला पाऊण तास लागला. आणि पंक्चर झालेलं चाक परत टपावर कोण चढवणार? ते आत सीटवर टाकून आणलं, लसींच्या डब्याशेजारी.

दुसऱ्या दिवशी खांदा वर होत नव्हता. कोणी धडधाकट माणूस सोबत असता तर ही गोष्ट पाच मिनिटांची होती, हे मला माहीत आहे. पण सोबत कोणी नव्हतं.

सत्तरीकर, तुमच्या घरी ही गाडी आणखी कोण चालवतं?

सत्तरीकर | सोमवार, दुपारी २.१५

ताई, माझी बायको चालवते. बागेत कामगारांचं जेवण घेऊन रोज दुपारी तीच जाते.

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. टपाचा विचार इथेच सोडला.

निळा डोंगर | सोमवार, दुपारी ३.००

ताई, खरं आहे. माझ्याबरोबर नेहमी भाऊ असतो. दोघांनी उतरवण्याची इतकी सवय झालीय की एकट्याचं डोक्यातच आलं नाही. माझी सूचना मागे घेतो, निदान एवढ्या जड चाकासाठी तरी.

जुनी जीप | सोमवार, रात्री ८.३०

माझी पन्नास वर्षं गॅरेजात गेली, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मुलगा बघतो. काजूबोंड बाय बोलली तोच यातला मूळ मुद्दा आहे. चाक कुठे शोभतं हे बघू नका. ते काढायची वेळ कुठे येते, तेव्हा जमीन कशी असते आणि हात कोणाचे असतात, हे बघा.

जुन्या गाड्यांनी सगळ्या जागा करून बघितल्यात. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप मागच्या पत्र्यावर चाक घेऊन फिरायची, कारण तिला मागे उघडणारी फळीच नव्हती. युद्ध संपल्यावर १९४५ साली शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली, तिला माल चढवायला मागे फळी दिली, म्हणून चाक बाजूला गेलं. बाजूला चाक म्हणजे उचलायला सोपं, कमरेच्या उंचीला. पण गाडीची रुंदी वाढते. आमच्या वाड्यांतल्या वाटा दोन्ही बाजूंनी गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या), मी किती जीपांची चाकं गडग्याला घासून फाटलेली पाहिली. जुन्या लँडरोव्हरला चाक बोनेटवर. तिथे ते हाताशी असतं, पण चढाला तोंड वर झालं की पुढचं काही दिसत नाही आणि बोनेट उघडताना चाकासकट उचलावं लागतं. इंजिन गरम झालेल्या गाडीवर ते काम करून बघा.

आता उचलण्याची रीत सांगतो, चाक मागे असलं तरच ती चालते. चाक जमिनीवर उभं करून गाडीला टेकवायचं. टायरच्या खाली टामी (लोखंडी दांडा) किंवा लाकडी फळी तिरकी सरकवायची, आपण पाठीने नाही तर गुडघ्याने आणि फळीच्या तरफेने ते वर सरकवायचं. एक बोल्ट भोकात गेला की निम्मं काम झालं. त्यासाठी चाकाची खालची कड जमिनीपासून फार तर दीड-पावणेदोन फुटांवर हवी. यापेक्षा उंच ठेवलंत की तरफ संपते आणि कंबर सुरू होते.

आणि एक. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ साली तिथल्या दोघा भावांनी जादा चाक विकायला सुरुवात केली. त्यापूर्वी लोक रस्त्याच्या कडेला बसून टायर उकलायचे. तिथे आता हा शब्द कोणी वापरत नसेल, आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या पोरालाही तो ठाऊक.

फेरीधक्का | मंगळवार, सकाळी ६.५०

मी दिवाडीचा, आमचं जगणं फेरीवर. एक जागा कोणी बोललं नाही, गाडीच्या पोटाखालची. मोठ्या सात सीटर गाड्यांत चाक खाली साखळीने किंवा तारेने लटकवलेलं असतं. त्याबद्दल दोन गोष्टी अनुभवातून.

पहिली, ओहोटीला फेरीचा रॅम्प खूप तिरका होतो. गाडी चढताना पुढचं टोक वर जातं आणि मागचं पोट धक्क्याला घासतं. रानातल्या व्हाळातून वर येताना हेच होतं. मागचा कोन, म्हणजे मागचं पोट न घासता गाडी जितका तिरका चढ सोडू शकते तो, जितका मोठा तितकं बरं. थारचा कंपनीने दिलेला मागचा कोन ३६.८ अंश आहे, जिम्नीचा ५० अंश. चाक दारावर असल्याने खाली काही लोंबत नाही, हा त्या जागेचा मोठा फायदा. खाली चाक लटकवलं की हा कोन गमावतो, आणि दगडावर पहिलं तेच आपटतं.

दुसरी, खारी हवा. नदीकाठी आणि समुद्राकाठी ती तार आतून गंजते. बाहेरून काळी चकचकीत दिसते आणि सोडायला गेलं की जागची हलत नाही. माझ्या चुलत्याची अशीच धरली होती, शेवटी कापावी लागली. म्हणून ज्यांच्या गाडीत चाक खाली आहे त्यांनी जूनच्या आधी एकदा आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर एकदा ते पूर्ण खाली सोडून, तार पुसून, तेल लावून परत वर घ्यावं. चिखलात गाडी पोटावर बसली असेल तर खालचं चाक काढताच येत नाही, हे तर वेगळंच.

खोतीगाव | मंगळवार, सकाळी १०.१५

मग चाक घेऊच नये असं काही जण म्हणतात. २०२० साली नियम बदलला, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. पंक्चरच्या वाती (भोकात ठोसायच्या रबरी पट्ट्या), हवा भरायचा कंप्रेसर घेतला की पुरेसं नाही का? ४१ किलो वाचतील.

रानवाट | मंगळवार, सकाळी १०.४०

डांबरावर पुरेल. रानात पंक्चर खिळ्याने होत नाही, टायरची बाजू दगडाने फाटते. चिऱ्याच्या कडा किती धारदार असतात ते खाणीच्या वाटेवर गेलेल्याला विचारा. बाजूच्या भिंतीला वात धरत नाही. वाती आणि कंप्रेसर ठेवाच, पण चाकाच्या जोडीने.

आणि स्टेपनी चारही चाकांच्याच मापाची हवी. वेगळ्या व्यासाचं चाक लावून फोर बाय फोरमध्ये गाडी चालवली की एक चाक जास्त फिरतं, एक कमी, आणि तो ताण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांना जोर वाटून देणारे गिअर) सोसतात. सत्तरीकरांनी जुनं २८ किलोचं चाक स्टेपनी म्हणून ठेवायचा मोह होईल, म्हणून लिहिलं. त्याचा व्यास पावणेसहा सेंटिमीटर कमी आहे.

सत्तरीकर | मंगळवार, रात्री ९.००

मोह झाला होता, कबूल करतो. सोडला.

चाक दारावरून उतरवलं, चिरेला भोक पाडलं, पत्रेवाला गुरुवारी येतोय. मागच्या चॅसीला धरून हात बनवायचं ठरवलं. जुनी जीप काका, अंत्रुजी, वेल्डिंगवाल्याला काय काय सांगू ते कृपया सविस्तर लिहा. यापूर्वी एका ठिकाणी विचारलं तर त्यांनी बंपरच्या पत्र्यालाच बिजागरी जोडतो म्हणून सांगितलं. मला ते पटलं नाही.

अंत्रुजी | मंगळवार, रात्री १०.३०

पटलं नाही ते बरंच. पत्र्याच्या बंपरला जोडलं तर दारावरचा त्रास बंपरवर जाईल, एवढंच.

भार चॅसीच्या दोन्ही लांब पट्ट्यांत गेला पाहिजे. मागे दोन्ही चॅसी टोकांना पाच-सहा मिलिमीटरच्या प्लेटा, मूळच्या भोकांत मोठ्या दर्जाच्या बोल्टांनी. चॅसीवर शक्यतो वेल्डिंग नको. त्या प्लेटांवर आडवा चौकोनी पाईप, आणि त्याच्या एका टोकाला उभा खांब. खांबात निमुळत्या रोलर बेअरिंगची जोडी, ट्रेलरच्या चाकात असते तशी, आणि ग्रीसचं निपल. नुसता पाईपात पाईप घातलेला सांधा सहा महिन्यांत खुळखुळतो. हात बंद झाला की त्याचं मोकळं टोक एका उतरत्या खाचेत बसावं, म्हणजे वजन कडीवर नाही, खाचेवर राहील. कडी फक्त दाबून धरायला. खडखड थांबवायची असेल तर दोन रबरी ठोकळे, मागेपुढे करता येतील असे.

हात दार ज्या बाजूला उघडतं त्याच बाजूला फिरू दे. नाहीतर दोघं एकमेकांच्या वाटेत येतात.

वजनाचा हिशेब मात्र लक्षात ठेवा. चाक ४१ आणि हात २५, मिळून ६६ किलो, मागच्या आसाच्या एक मीटर मागे. दोन आसांमधलं अंतर २४५ सेंटिमीटर धरलं तर मागच्या आसावर ९३ किलो वाढतात आणि पुढून २७ कमी होतात. चढावर पुढची चाकं तेवढी हलकी. म्हणून चाक दाराच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या, प्रत्येक बोट महत्त्वाचं आहे. मागच्या स्प्रिंगा बसल्यासारख्या वाटल्या तर पुढे त्याकडे बघू.

जुनी जीप | मंगळवार, रात्री ११.१०

एवढं सगळं बरोबर. त्यात माझं एक घाल. हात उघडल्यावर तो उघडाच राहायला हवा, त्याला खिळी दे. गाडी उतारावर किंवा एका बाजूला कललेली असली की ६६ किलोचा हात आपोआप फिरतो. माझ्याकडच्या एका पोराची मनगटाची दोन हाडं अशीच मोडली. गाडी सपाट अंगणात उभी करून बनवतात, तिथे हे कळत नाही. बनवून झाला की गाडी चढावर नेऊन, मग आडव्या उतारावर नेऊन उघडून बघ. तिथे नीट वागला तरच पैसे दे.

रंगाचं सांगतो. आतून पोकळ पाईप, गोव्याचा पाऊस, वर खारी हवा. आत पाणी जायचं ते जाणारच, म्हणून खालच्या बाजूला निचऱ्याची भोकं ठेव. जमलं तर गरम जस्ताचा लेप करून घे, मग रंग.

रानवाट | बुधवार, सकाळी ८.००

कायद्याचंही बघा. नंबरची पाटी आणि तिचा दिवा, टेललाइट, वरचा ब्रेकचा दिवा, यातलं काहीही चाकामागे झाकता कामा नये. नव्या सुरक्षा पाट्या स्नॅप लॉकने बसवलेल्या असतात, काढून दुसरीकडे लावायच्या म्हटल्या तर लॉक तुटतं. म्हणून पाटी आहे तिथेच दिसेल असा हात आखा. मोठ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, तेव्हा काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

हेही सांगतो, कारण हे धागे नवी मुलं वाचतात. गाडी तयार झाली म्हणजे कुठेही घालायची परवानगी मिळाली असं नाही. समुद्रकिनाऱ्यावर गाडी न्यायला गोव्यात बंदी आहे. म्हादई आणि नेत्रावळी दोन्ही १९९९ पासून अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय आडवाटेला शिरू नका.

काजूबोंड | बुधवार, दुपारी १.१०

माझ्या खात्यातलं एक सांगते. उघड्या स्टेपनीच्या खोबणीत पावसाचं पाणी साचतं, आणि आडव्या ठेवलेल्या टायरमध्ये तर आठवडाभर राहतं. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो. घरोघरी तपासणीला जातो तेव्हा टायर आम्ही आधी बघतो. कव्हर घालणार असाल तर खालच्या बाजूला निचऱ्याची भोकं असलेलं घ्या. कव्हराने ऊनही अडतं, मागे टांगलेलं चाक वापर नसतानाही उन्हाने तडकतं.

आणि सत्तरीकर, हात बनला की वहिनींना एकदा स्वतः चाक काढून लावायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, हात लावू नका.

सत्तरीकर | २३ दिवसांनी, रात्री ८.४५

उशिराबद्दल माफी. सगळं सांगतो.

दार दुरुस्त झालं, आतून पट्टी मारली, आता एका बोटाने बंद होतं. हात उसगावच्या बाजूच्या एका मेस्त्रीने बनवला. अंत्रुजींची पोस्ट छापून त्याच्या समोर ठेवली. त्याने बेअरिंग ट्रॉलीचंच घातलं. सगळं मिळून हाताचं वजन २७ किलो भरलं, सुपारीच्या काट्यावरच. चाकाचा मध्य पूर्वीपेक्षा खाली घेतला. खालची कड आता जमिनीपासून ५१ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे काकांनी सांगितलेल्या मापात. आणखी एक फायदा न मागता मिळाला, आरशात मागचा रस्ता पूर्वीपेक्षा जास्त दिसतो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे बागेच्या चढावर नेऊन उघडून बघितला. पहिल्या दिवशी खिळी सुटली आणि हात फिरला. कोणी जवळ नव्हतं. परत नेलं, मेस्त्रीने काही न बोलता जाड खिळी आणि स्प्रिंग घालून दिली.

परवा पाऊस सुरू झाला आणि काल बायकोने चाक काढलं. अंगणात नाही, दुसऱ्या व्हाळाच्या पलीकडे, पावसात. मी गाडीत बसून राहिलो. उतरवायला चार मिनिटं, फळी सरकवून परत चढवायला अकरा. दुसऱ्या प्रयत्नात बोल्ट भोकात गेला. नंतर ती म्हणाली, फळी थोडी लांब हवी आणि तिच्या टोकाला खाच पाड, म्हणजे टायर घसरणार नाही. आज खाच पाडली.

एक बाकी आहे. चिऱ्याच्या पायऱ्यांवरून उतरताना अजून बारीक टक टक येते, डाव्या बाजूने.

जुनी जीप | त्याच रात्री, ९.३०

डावा ठोकळा एक आटा बाहेर घे. तरी आली तर रबर कडक आहे, ट्रकच्या जुन्या मडफ्लॅपचा तुकडा कापून लाव. आणि पहिल्या पाचशे किलोमीटरला बेअरिंगचा नट पुन्हा आवळ, नवं बेअरिंग बसतं. वहिनींची फळी किती लांबीची केलीस ते लिही, मुलाला तशीच करायला सांगतो.

सत्तरीकर | त्याच रात्री, ९.५०

तीन फूट चार इंच, काका. फणसाची.